स्तनाची शस्त्रक्रिया : आधीचे दिवस आणि नंतरचे दिवस

शरीरावर शस्त्र चालते ते फार तर दोन-तीन तास. परंतु त्या दोन-तीन तासांचे फळ पूर्णत्वाने पदरात पडावयाचे की अर्धेमुर्धे, हे त्यांच्या आधीचे काही आठवडे आणि नंतरचे कित्येक महिने ठरवीत असतात. ही गोष्ट सर्वच मोठ्या शस्त्रक्रियांच्या बाबतीत खरी असली, तरी कर्करोगासाठी स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या बाबतीत ती विशेषेकरून ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण येथे शल्यविशारदाचे काम जेथे संपते तेथे रुग्ण स्त्रीचे आणि तिच्या घराचे काम सुरू होते, आणि ते काम काय आहे, कसे करावयाचे, हे तिला कोणी सावकाश बसून समजावून सांगितलेले असतेच असे नाही. भारतातील स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत आज स्तनाच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला आहे. एकट्या २०२२ साली देशात त्याचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. एवढ्या घरांना ज्या प्रसंगातून जावे लागते, त्याची माहिती कुजबुजीतून मिळावी आणि भीती मात्र उघडपणे मिळावी, ही स्थिती बरी नव्हे. म्हणून या शस्त्रक्रियेच्या पूर्वतयारीचा आणि तिच्यानंतर प्रकृती पूर्ववत् होण्याचा सर्व तपशील येथे क्रमाने मांडावयाचा आहे.

ज्या भीतीचा उल्लेख वर केला तिला इतिहासाचा आधार आहे, हे आधी कबूल केले पाहिजे. इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी हिच्यावर ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिस येथे ही शस्त्रक्रिया झाली, ती संपूर्ण शुद्धीत असताना. कारण यूरोपात भूल देण्याची विद्या तेव्हा अवगत नव्हती. पुढे काही महिन्यांनी आपल्या बहिणीला लिहिलेल्या पत्रात तिने त्या वेदनेचे जे वर्णन केले ते आजही वाचवत नाही. मात्र त्यानंतर ती २८ वर्षे जगली, हेही त्याच हकीकतीत सांगावयास हवे. गंमत अशी की, तिच्या सात वर्षे आधी, म्हणजे ऑक्टोबर १८०४ मध्ये, जपानात हानाओका सेइश्यू नावाच्या वैद्याने धोतरा आणि बचनाग यांच्या जातीच्या वनस्पतींचा काढा पाजून एका साठ वर्षांच्या स्त्रीला संपूर्ण भूल दिली होती आणि तिच्या स्तनातील गाठ काढली होती. परंतु जपानची दारे तेव्हा परक्यांना बंद असल्यामुळे ही विद्या बाहेर पडली नाही, आणि पाश्चात्त्य जगाला इथरच्या भुलेसाठी १८४६ सालापर्यंत थांबावे लागले.

भूल आली, जंतूंचे ज्ञान झाले, आणि मग शस्त्रक्रिया निर्भय होण्याबरोबर विस्तीर्णही होऊ लागली. अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड याने १८८२ पासून जी पद्धत रूढ केली, तीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील सर्व गाठी एकसंधपणे काढल्या जात. त्या काळी अत्यंत वाढलेल्या अवस्थेत येणाऱ्या रोगावर ती पद्धत उपकारक ठरली, पण तिने छाती खोलगट होई, हात सुजे आणि खांदा जखडे. आणि तरीही जवळजवळ पाऊण शतक तीच शिरोधार्य मानली गेली. १९४८ साली लंडनच्या पेटी या शल्यविशारदाने छातीचा मोठा स्नायू राखून शस्त्रक्रिया करता येते हे दाखविले. पुढे १९७१ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड फिशर याने आणि १९७३ मध्ये इटलीतील मिलान येथे उम्बेर्तो वेरोनेसी याने शेकडो स्त्रियांच्या संमतीने तुलनात्मक प्रयोग आरंभिले, आणि वीस-पंचवीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर असे सिद्ध झाले, की अधिक कापल्याने आयुष्य अधिक वाढत नाही. लहान गाठीच्या बाबतीत तेवढीच गाठ काढून उरलेल्या स्तनाला किरणोपचार दिले, तरी आयुर्मान तितकेच राहते. आज एखाद्या डॉक्टराने स्तन वाचविण्याचा सल्ला दिला असता ‘नको, सगळेच काढून टाका, म्हणजे काळजी मिटेल’ असे म्हणणाऱ्या नातेवाइकांनी हा अर्ध्या शतकाचा अनुभव जमेस धरला पाहिजे.

या इतिहासात मुंबईचाही वाटा आहे. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या पतीच्या नावाच्या विश्वस्त निधीतून परळला जे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले, ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. मूळच्या गोमंतकीय घराण्यातील डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांच्यासारख्या शल्यविशारदांनी तेथे आपली हयात घालविली, आणि ते रुग्णालय ज्या रस्त्यावर आहे त्याला आज त्यांचेच नाव आहे. त्याच टाटा स्मारक केंद्राच्या नेतृत्वाखाली देशातील ११ केंद्रांत सुमारे १६०० स्त्रियांवर एक साधा प्रयोग झाला. शस्त्रक्रियेपूर्वी सात ते दहा मिनिटे आधी गाठीच्या सभोवती लिडोकेन हे जागा बधिर करण्याचे मामुली, स्वस्त औषध टोचावयाचे, इतकाच तो प्रयोग. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, हे इंजेक्शन मिळालेल्यांपैकी पाच वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ८६.६ टक्के होते, न मिळालेल्यांत ते ८२.६ टक्के होते. आणि पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९०.१ व ८६.४ टक्के होते. शस्त्र चालण्यापूर्वीची काही मिनिटेदेखील किती मोलाची असतात, याचा याहून बोलका दाखला मिळणे कठीण.

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत काय काढतात ते पाहू. स्तन म्हणजे दूध तयार करणाऱ्या ग्रंथी, ते वाहून नेणाऱ्या नलिका आणि त्यांच्या भोवतीची चरबी यांचा समुच्चय. तो छातीच्या मोठ्या स्नायूवर विसावलेला असतो आणि त्याचा एक भाग काखेकडे गेलेला असतो. त्यातील लसद्रव प्रामुख्याने काखेतील लसग्रंथींकडे वाहतो, आणि कर्करोगाच्या पेशींना स्तनाबाहेर पडण्याची वाट बहुधा याच दिशेने सापडते. म्हणून शस्त्रक्रियेचे दोन भाग असतात : एक स्तनाचा, दुसरा काखेचा. स्तनाच्या भागात कधी केवळ गाठ आणि तिच्या सभोवारचा निरोगी भाग काढतात, कधी संपूर्ण स्तन काढतात, आणि पुनर्रचना करावयाची असल्यास कधी वरची त्वचा राखून आतील भाग काढतात. काखेच्या भागात, रोग तेथे पोहोचल्याचे आधीच दिसत असेल तर तेथील गाठी काढतात. तसे दिसत नसेल तर निळा रंग किंवा सौम्य किरणोत्सर्गी द्रव्य टोचून, ते ज्या पहिल्या एक-दोन ग्रंथींत जाऊन पोहोचते तेवढ्याच काढून तपासतात, आणि त्या निर्दोष निघाल्या तर उरलेल्यांना हात लावीत नाहीत. या निळ्या रंगामुळे शस्त्रक्रियेनंतर एखादा दिवस लघवी हिरवट-निळसर होते. हे आधी ठाऊक असले म्हणजे कोणी घाबरत नाही.

पूर्वतयारीतील पहिली पायरी म्हणजे निदानाची खातरजमा. मॅमोग्राफी व सोनोग्राफी दोन्ही स्तनांची होते, आणि गाठीतील लहानसा तुकडा जाड सुईने काढून तो तपासला जातो. ‘सुई लावली की रोग पसरतो’ हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजलेला आहे आणि त्यापायी कित्येक स्त्रिया महिनोन् महिने गमावतात. वस्तुतः या तपासणीवाचून गाठ कोणत्या जातीची आहे, ती संप्रेरकांना प्रतिसाद देणारी आहे की नाही, हे कळत नाही, आणि ते कळल्यावाचून आधी औषधे द्यावयाची की आधी शस्त्रक्रिया करावयाची याचा निर्णय करता येत नाही. मोठी गाठ आधी केमोथेरपीने लहान करून मग शस्त्रक्रिया करणे हा दिरंगाईचा प्रकार नसून उपचाराचाच एक क्रम आहे. डॉक्टरांना भेटावयास जाताना प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि ऐकावयास घरचे एक विश्वासाचे माणूस बरोबर असावे, कारण अशा वेळी ऐकलेले अर्धे मनात राहत नाही. माझ्या बाबतीत स्तन वाचविता येईल काय. काखेतील किती गाठी काढाव्या लागतील. नवा स्तन घडवावयाचा असल्यास तो याच वेळी की नंतर. पुढे किरणोपचार घ्यावे लागतील काय. आणि एकंदर खर्च किती, हे पाच प्रश्न तरी त्या कागदावर असलेच पाहिजेत.

दुसरी पायरी शरीराची. रक्तातील हिमोग्लोबिन, साखर, हृदयाचा आलेख, छातीचा फोटो या तपासण्या भूल देणाऱ्या डॉक्टरांसाठी असतात. त्यांच्यापासून काहीही लपवू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ॲस्पिरिन, मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे, तसेच चालू असलेले काढे आणि चूर्णे यांची यादी त्यांच्यापुढे ठेवावी आणि कोणते केव्हा थांबवावयाचे याचा हुकूम त्यांच्याकडूनच घ्यावा. आपल्या ग्रामीण भागात एक गोष्ट हटकून विसरली जाते : मिश्री. दात घासण्याचे निमित्त म्हणून ती तंबाखूत मोजली जात नाही आणि डॉक्टरांनी विचारले तर ‘व्यसन काही नाही’ असे उत्तर येते. पण मिश्रीतील निकोटीन रक्तात उतरतेच आणि त्वचेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करते. स्तन काढल्यावर वरची त्वचा बारीक रक्तपुरवठ्यावर जगावयाची असते. तो पुरवठा तुटला तर जखमेच्या कडा काळ्या पडतात आणि टाके सुटतात. म्हणून मिश्री, तंबाखू, विडी यांपैकी जे काही असेल ते निदान चार आठवडे आधी बंद करावे. तेवढी मुदत नसेल तर आजच बंद करावे. आहारात डाळी, उसळी, दूध, अंडी, मासे हे भरपूर असावे, कारण जखम भरून येते ती प्रथिनांवर. शस्त्रक्रिया ठरली म्हणून घाबरून पेजेवर राहण्याचे काही कारण नाही. खांद्याचे आणि दीर्घ श्वसनाचे व्यायामही आधीच शिकून ठेवावेत, म्हणजे दुखऱ्या अंगाने नवी विद्या शिकण्याची पाळी येत नाही.

तिसरी पायरी घराची, आणि हिच्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे हात डोक्यावर नेता येणार नाही, हे गृहीत धरून मीठ-मसाल्याचे डबे, रोजची भांडी, औषधे आणि कपडे वरच्या फळीवरून उतरवून कमरेच्या उंचीवर आणून ठेवावे. डोक्यातून घालावयाचे कपडे चालणार नाहीत. पुढे हुकांची सैल पोलकी किंवा पुढे बटणांचे गाऊन तीन-चार तयार असावेत. पाणी भरणे, धुणे, लहान मुलाला उचलणे, गॅसचे सिलिंडर हलविणे ही कामे कोणी करावयाची याची वाटणी आधीच व्हावी. ‘पुढचे पुढे पाहू’ म्हणणाऱ्या घरात चौथ्या दिवशी ती स्त्रीच बादली उचलताना दिसते. पैशाच्या बाबतीत, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश असल्यामुळे शिधापत्रिका व ओळखीचे दाखले घेऊन योजनेशी संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राची गाठ आधी घ्यावी. गावाहून मुंबईस येणाऱ्यांच्या मुक्कामासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांच्यासारख्या संस्था आहेत. त्यांची चौकशी निघण्यापूर्वी करावी, म्हणजे आजारी माणसासह रस्त्यावर जागा शोधण्याचा प्रसंग येत नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री सांगितलेल्या साबणाने स्वच्छ स्नान करावे. काखेतील केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत, कारण बारीक ओरखड्यांतून जंतूंना वाट मिळते. साधारणतः सहा तास आधी अन्न आणि दोन तास आधी पाणी बंद होते, परंतु नेमकी वेळ भूलतज्ज्ञ सांगतील तीच पाळावी. पोट भरलेले असताना भूल दिल्यास अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी, नखांचा रंग हे सारे उतरवून ठेवावे लागते. कित्येक स्त्रियांच्या मनाला मंगळसूत्र उतरविणे लागते. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्या स्त्रीने ते स्वतःच्या हाताने काढून घेऊन जपून ठेवावे आणि चार मायेचे शब्द बोलावेत, ही साधी गोष्टही औषधाचे काम करते.

शुद्धीवर आल्यानंतर छातीवर घट्ट पट्टी असल्याचा भास होतो, घसा थोडा दुखतो, आणि बगलेजवळून बाहेर आलेल्या एक-दोन नळ्या दिसतात. वेदना अनेकींच्या अपेक्षेपेक्षा कमी असते. तरीही ती सोसत बसण्यात शौर्य मानू नये. वेदनेमुळे श्वास उथळ होतो आणि हात हलत नाही, सबब वेदनाशामक औषध वेळेवर घेणे हा बरे होण्याचाच भाग आहे. बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उठवून चालवितात, आणि थोड्याच दिवसांत, पुष्कळदा नळीसह, घरी पाठवितात.

या नळीची, जिला रुग्णालयात सर्व जण ड्रेन म्हणतात, भीती फार असते. म्हणून ती थोडी जवळून पाहू. स्तन काढल्यावर त्वचा आणि स्नायू यांच्यामध्ये जी रिकामी जागा राहते तिच्यात रक्तमिश्रित द्रव साचू पाहतो. नळीच्या टोकाला लोहाराच्या भात्यासारखी दाबून ठेवलेली एक डबी असते, ती फुगू पाहते आणि त्या ओढीने द्रव बाहेर खेचला जातो, म्हणून त्वचा खालच्या स्नायूला चिकटून बसते. रोज ठरलेल्या वेळी हात साबणाने धुवावेत, डबीचे झाकण उघडून द्रव मापाच्या पेल्यात ओतावा, किती मिलिलिटर झाला ते वहीत तारखेनिशी लिहावे, डबी दाबून हवा काढावी आणि दाबलेल्या स्थितीतच झाकण लावावे. नळी ओढली जाऊ नये म्हणून जुन्या मऊ लुगड्याची एक लहान पिशवी शिवून ती गळ्यात अडकवावी आणि डबी तीत ठेवावी. द्रवाचा रंग पहिल्या दिवशी लाल, मग गुलाबी आणि पुढे गव्हाच्या काडासारखा पिवळसर होत जातो. चोवीस तासांत ३० मिलिलिटरपेक्षा कमी द्रव असे सलग दोन दिवस झाले, की बहुधा नळी काढतात. यास एक ते दोन आठवडे लागतात. ती काढल्यावर कधी कधी त्या जागी पाणी साचून फुगवटा येतो. तो डॉक्टर सुईने काढून टाकतात, त्यात अनिष्ट काही नाही. परंतु डबी एकाएकी ताज्या लाल रक्ताने भरू लागली, छाती झपाट्याने सुजली, जखमेतून पू आला, भोवतालची त्वचा लाल व गरम झाली, थंडी वाजून ताप आला, किंवा पोटरी दुखू-सुजू लागून धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. जखमेवर हळद, तेल, लेप यांपैकी काही लावू नये. कोरडी, स्वच्छ जखम हीच चांगली जखम.

यानंतर सर्वांत महत्त्वाचे प्रकरण येते ते हाताचे. भीतीने हात अंगाशी बांधल्यासारखा धरून ठेवणे आणि उत्साहाने पहिल्याच आठवड्यात पूर्ण काम सुरू करणे, ही दोन्ही टोके घातक आहेत. पहिल्या दिवसापासून मूठ उघडणे-मिटणे, कोपर वाकविणे, खांदे हळूच गोल फिरविणे आणि आपल्या हाताने केस विंचरणे एवढे करावे. नळी असेपर्यंत हात खांद्याच्या पातळीच्या वर नेऊ नये, असे बहुधा सांगितले जाते. नळी निघाल्यानंतर भिंतीचा व्यायाम सुरू होतो. भिंतीकडे तोंड करून उभे राहावे, त्या बाजूच्या हाताची बोटे भिंतीवर टेकावी आणि ती एकेक करून वर सरकवीत न्यावी. ताण जाणवेल तेथे थांबावे, दोन-तीन दीर्घ श्वास घ्यावेत, आणि जेथवर बोट पोहोचले तेथे पेन्सिलीने खूण करून तारीख घालावी. दुसऱ्या दिवशी ती खूण गाठावयाची आणि जमले तर बोटभर ओलांडावयाची. महिना-दीड महिन्यात त्या भिंतीवर जी चढती रांग उभी राहते, तिच्याइतके धीर देणारे प्रमाणपत्र दुसरे नाही. हा केवळ डौलाचा प्रश्न नाही. किरणोपचार घ्यावयाचे असतील तर यंत्राखाली हात डोक्यावर नेऊन निश्चल पडून राहावे लागते, आणि खांदा जखडलेला असेल तर ते उपचारच लांबणीवर पडतात. काखेतून कोपरापर्यंत दोरीसारख्या ताठ शिरा जाणवू लागल्या तरी भिऊ नये. त्या ताणाच्या व्यायामाने काही आठवड्यांत सैल पडतात.

काखेतील त्वचेच्या संवेदनेचा तंतू शस्त्रक्रियेत पुष्कळदा तुटतो किंवा ताणला जातो, त्यामुळे दंडाची आतली बाजू बधिर राहते किंवा तेथे मुंग्या येतात. ती बधिरता कालांतराने कमी होते, काहींना थोडी कायम राहते. अधिक जपावयाचे असते ते हाताच्या सुजेला. काखेतील सर्व गाठी काढल्यास साधारणतः पाचांपैकी एका स्त्रीला पुढे केव्हातरी ही सूज येते. पहिल्या एक-दोन ग्रंथीच काढल्यास हे प्रमाण त्याहून पुष्कळच कमी असते. लसद्रवाच्या वाटा कमी झाल्यामुळे तो हातात तुंबतो, आणि अशा हातात जंतू शिरले तर तुंबारा वाढतो. म्हणून विळीवर चिरताना, तव्याजवळ काम करताना, खुरपणीला जाताना त्या हाताची काळजी घ्यावी, मातीकामात हातमोजा घालावा, आणि लहानशी जखमही धुऊन औषध लावल्यावाचून सोडू नये. सुया आणि रक्तदाबाचा पट्टा शक्यतो दुसऱ्या हातावर. बांगडी किंवा पोलक्याची बाही एकाएकी घट्ट वाटू लागणे, हात जड होणे, ही पहिली लक्षणे. ती दिसताच फिजिओथेरपिस्टकडे जाऊन विशिष्ट मर्दन, पट्टी आणि दाबाची बाही यांचा इलाज सुरू केल्यास सूज आटोक्यात राहते. मात्र या भीतीने हात निकामी ठेवू नये : हळूहळू वाढवीत नेलेला व्यायाम, वजन उचलण्याचाही, सुजेस कारण होत नाही, हे अलीकडे सिद्ध झाले आहे.

शरीर सावरत असताना मनाचेही सावरणे चालू असते. काढलेला स्तन अजून तेथेच असल्याचा भास होणे, त्या जागी खाज सुटणे, हा भ्रम नसून मेंदूतील जुन्या नकाशाचा परिणाम आहे, आणि तो पुष्कळ स्त्रियांना जाणवतो. आरशापुढे पहिल्यांदा उभे राहण्याची घाई नको, परंतु ती वेळ वर्षानुवर्षे टाळूही नये. परिचारिका किंवा जिवाभावाची मैत्रीण जवळ असताना व्रण पाहिला तर ते सोपे जाते. व्रण भरेपर्यंत कापसाची हलकी गादी आणि सहा ते आठ आठवड्यांनंतर सिलिकोनचा वजनदार कृत्रिम स्तन वापरता येतो. त्याने केवळ पेहराव नीट दिसतो असे नव्हे, तर दोन्ही बाजूंचे वजन सारखे राहून पाठीवर व खांद्यावर ताण येत नाही. पाठीच्या किंवा पोटाच्या ऊतींतून अथवा कृत्रिम रोपणाने नवा स्तन घडविण्याची सोयही आहे, आणि ती इच्छा मनात असणे म्हणजे चैन नव्हे; तसेच ती नसणे म्हणजे उणीव नव्हे. येथे पतीची भूमिका निर्णायक ठरते. त्याने व्रण पाहिला, ड्रेनची वही स्वतः लिहिली, भिंतीपाशी उभे राहून खूण केली, तर पत्नीच्या मनातील अर्धी भीती तेथेच नाहीशी होते. हा रोग स्पर्शाने पसरत नाही. तिचे ताट, तिचे अंथरूण, तिची मुले तिच्यापासून दूर करणे हा अज्ञानातून होणारा अन्याय आहे.

काढलेल्या भागाचा तपासणी-अहवाल साधारणतः एक-दोन आठवड्यांत मिळतो, आणि गाठीचा आकार, काखेतील किती ग्रंथींत रोग होता, गाठ संप्रेरकांना प्रतिसाद देते काय, यांवरून केमोथेरपी, किरणोपचार, पाच ते दहा वर्षांच्या संप्रेरकविरोधी गोळ्या, यांपैकी काय द्यावयाचे ते ठरते. या गोळ्या ‘आता मला काही होत नाही’ म्हणून मध्येच सोडून देण्याची चूक फार होते. त्या रोग परत येऊ नये म्हणून असतात, तेव्हा काही न होणे हेच त्यांचे काम आहे. ठरलेल्या मुदतीत तपासणीस जाणे आणि दुसऱ्या स्तनाची मॅमोग्राफी दरवर्षी करणे यांत हयगय नको. घराण्यात आई, मावशी, बहिणी अशा अनेक जणींना हा रोग झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे, म्हणजे लेकीसुनांपैकी रक्ताच्या नात्यातील मुलींची तपासणी वेळीच होते. या रोगाच्या दर शंभर रुग्णांत साधारण एक पुरुषही असतो. तेव्हा छातीत गाठ लागली तर पुरुषांनीही ती दडवू नये.

वाचकांना शेवटी एवढेच आग्रहाने सांगावयाचे आहे. स्तनातील गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच ती महिनोन् महिने दाखविली जात नाही. लग्नकार्य, सुगी, मुलांच्या परीक्षा, दिवाळी, असे एकेक निमित्त पुढे येते आणि रोग मात्र कोणाच्या सोयीसाठी थांबत नाही. आपल्या आईला, पत्नीला, बहिणीला किंवा आपल्या घरी काम करणाऱ्या बाईला अशी गाठ असल्याचे कळले, तर पंधरा दिवसांच्या आत तिला डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि शस्त्रक्रिया ठरलीच तर वरचे डबे खाली उतरवा, पाण्याची बादली तुम्ही उचला आणि तिच्याबरोबर रुग्णालयात जा.